डोक्याकडची दोरी

मी, ड्युगल्ड आर्चिबाल्ड रेनी, वय वर्षे एक्क्याऐंशी, निवृत्त सुतार, किलब्रॅन रोव्हर्स या फुटबॉल क्लबचा एके काळचा सेंटर हाफ आणि पुढे त्याच क्लबनं हाकलून दिलेला कोच, राहणार ९ पिटहेड रो, किलब्रॅन, एअरशायर, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत असं वकीलबाई श्रीमती ऑर यांनी मला सांगितलं आहे. याआधीचं मृत्युपत्र मी आज त्यांच्यासमोर फाडलं. मला कोणी धाक घातलेला नाही की लालूच दाखवलेली नाही. धाक घालू शकणारे बहुतेक जण माझ्याआधी गेले, आणि जो एक उरला आहे त्याचं नाव पुढे येईल.

जुनं मृत्युपत्र घरादाराचं होतं. हे मुख्यतः आठ दोऱ्यांचं आहे. श्रीमती ऑर इंग्लंडात वाढलेल्या, म्हणून त्यांच्या आग्रहावरून इथे खुलासा करतो. आमच्याकडे शवपेटी कबरीत उतरवतात ती आठ दोऱ्यांनी, आणि त्या दोऱ्या वाटेल त्यानं धरायच्या नसतात. अंत्यविधीच्या आधी ज्याच्या त्याच्या घरी कार्ड जातं. कार्डावर पेटीची आकृती असते आणि तुमचा आकडा. एक नंबर डोक्याकडचा, सर्वांत जवळच्या माणसाचा. दोन नंबर पायाकडचा. कार्ड आलं नाही म्हणून सख्ख्या भावांनी जन्मभर अबोला धरलेला मी पाहिला आहे. आमच्या गावात ही कार्डं नेहमी पुरुषांनाच गेली. बायका खाणकामगारांच्या हॉलमध्ये थांबून जेवणाचा स्टेक पाय, म्हणजे मांस भरून भाजलेला पदार्थ, गरम ठेवायच्या.

कलम पहिलं. घर, त्यातलं सामान आणि मागची पत्र्याची शेड माझी मुलगी रोना हिला मिळावी. यात कोणतीही अट नाही. पुढच्या कलमांत तिच्याविषयी जे लिहिलं आहे ते तिला पटो वा न पटो, घर तिचंच. घर म्हणजे लाच नव्हे, हे श्रीमती ऑर यांनी ठळक अक्षरात टाइप करावं.

कलम दुसरं. बँकेत जे काही असेल ते गावातल्या मुलींच्या आजच्या संघाला द्यावं. त्यातून आधी गरम पाण्याचे शॉवर बसवावेत. भाषणं, फीत कापणं आणि फळ्यावर दानशूरांची नावं यांवर एक पेनीही जाता कामा नये.

कलम तिसरं. सुतारकामाची पेटी एफी लॉरीला द्यावी. मी गावातल्या मुलींना फुटबॉल शिकवू लागलो तेव्हा ती त्यांची कॅप्टन होती. पुढे तीस वर्षं तिनं गावात टपाल वाटलं. माझे दोन रंधे तिच्याकडे आधीच आहेत आणि ते ती परत करणार नाही, तेव्हा बाकीची हत्यारंही तिकडेच जाऊ देत. खेळाचे बूट मात्र कोणाला देऊ नयेत आणि काचेच्या कपाटात तर मुळीच ठेवू नयेत. ते माझ्या पायात घालावेत. अंत्यविधीची व्यवस्था बघणारा अंडरटेकर कुरकुर करेल, त्याला करू द्यावी.

बुटांवरून आठवलं म्हणून शपथेवर नोंदवतो. एकोणीसशे एकोणसाठच्या अंतिम सामन्यात मी मारलेली पेनल्टी गोलच्या आडव्या बारवरून गेली नव्हती. गोलकीपरनं ती अडवली, डाव्या हातानं, बोटांच्या टोकांनी. गाव गेली सत्तावन्न वर्षं मला आकाश दाखवून हसतं आहे. ज्यांनी ती बारवरून गेलेली पाहिली असं म्हणतात, त्यातले निम्मे तेव्हा जन्मलेही नव्हते.

कलम चौथं, क्लबविषयी. गेल्या महिन्यात एफी सूपचं भांडं घेऊन आली आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "रेनीकाका, क्लब प्रेक्षकांच्या स्टँडला तुमचं नाव देतोय म्हणे. हसा की जरा."

"कुठल्या स्टँडला?"

"तोच हो. ज्याच्या मागे आम्हाला कपडे बदलायला लावायचे. पावसात."

मी हसलो नाही. त्याचं कारण असं. अडुसष्ट साली गुडघा गेल्यावर मी रोव्हर्सचा कोच झालो आणि मोज्यांच्या कारखान्यातल्या चौदा मुली माझ्याकडे आल्या. त्यांना खेळायचं होतं. मी त्यांना मंगळवारी संध्याकाळी, मैदान रिकामं असताना, बोलावलं. त्या एफीसारख्या टणक होत्या आणि मी शिकवलेल्या अर्ध्या पुरुषांपेक्षा चेंडू पायाशी बरा राखायच्या. नेट्टीनं, माझ्या बायकोनं, त्यांच्या जर्सींवर आकडे शिवले. एकाहत्तर साली अध्यक्ष वॉल्टर ग्रीव्ह यांनी मला कमिटीपुढे उभं केलं.

"मैदानात बायका येत नाहीत, रेनी," ते म्हणाले.

"दर शनिवारी येतात की. स्टँड झाडायला."

"तोंड सांभाळ. मुली की क्लब, काय ते आत्ताच सांग."

मी कोट उचलला आणि निघालो. घरी येऊन नेट्टीला सांगितलं तेव्हा ती बटाटे सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "गेला तर गेला क्लब," ती म्हणाली. "मुली उद्या साडेसहाला येतायत ना? चहा किती जणींचा टाकू ते सांग." पुढची तीन वर्षं आम्ही डोनल्डसनच्या कुरणात खेळलो. गोलपोस्ट मी खाणीतल्या टाकाऊ लाकडाचे केले. सामन्याआधी शेण उचलायचं काम गोलकीपरचं असायचं.

तेव्हा असं ठरवतो की त्या चौदा जणींचा फोटो क्लबच्या भिंतीवर, पुरुषांच्या फोटोंच्या रांगेत, त्याच उंचीवर लागत नाही तोवर माझं नाव स्टँडला, गेटला, कपाला, कशालाही देऊ नये. दिलं तर एफीनं शिडी घेऊन जावं आणि ते उतरवावं. शिडी शेडमध्ये आहे आणि रोना अडवणार नाही. श्री. ग्रीव्ह हे आता नव्वदीचे आहेत आणि आपल्याला माझी दोरी मिळणार असं सगळीकडे सांगत फिरतात असं कळतं. त्यांना दोरी नाही. जेवायला यावं. स्टेक पाय पोटभर वाढावा. माझ्या दारातून कोणी उपाशी गेलं असं व्हायला नको.

कलम पाचवं. इथपर्यंत मी ताठ मानेनं लिहिलं. हे कलम तसं लिहिता येणार नाही, पण लिहिणार आहे.

नेट्टी सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत गेली. एक नंबरची दोरी नवरा म्हणून माझी होती. उरलेली कार्डं मी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून लिहीत होतो तेव्हा रोना समोर येऊन बसली. ती तेव्हा पस्तीस वर्षांची होती. शेवटचे चार महिने आईला उचलणं, न्हाऊ घालणं, सगळं तिनंच केलं होतं.

"दोन नंबर मला द्या, बाबा," ती म्हणाली.

मी म्हणालो, "कबरीपाशी बायका येत नाहीत."

शब्द तोंडातून गेले आणि मला कळलं की हे मी आधी ऐकलंय आणि कोणाच्या तोंडून ऐकलंय. तेव्हाच ते कार्ड तिच्याकडे सरकवायला हवं होतं. पण पुरुष मंडळी काय म्हणतील, माझे भाऊ काय म्हणतील, हेच माझ्या डोक्यात. ज्या माणसानं अख्ख्या कमिटीकडे पाठ फिरवली तो स्वतःच्या टेबलावर भ्यायला.

"परक्या पोरींसाठी तुम्ही अख्ख्या क्लबाशी भांडलात," रोना म्हणाली. "आणि मला माझ्या आईची दोरी नाही?"

मी पुढचं कार्ड लिहायला घेतलं. कार्ड नेट्टीच्या एका चुलतभावाला गेलं, ज्यानं तिला बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. रोना हॉलमध्ये स्टेक पाय गरम ठेवत उभी राहिली. आम्ही परतलो तेव्हा तिनं मला ताट वाढलं, ॲप्रन काढून खुर्चीवर ठेवला आणि निघून गेली. त्यानंतर एकोणीस वर्षं आम्ही फक्त हवापाण्याविषयी बोलतो. नाताळला कार्ड येतं, त्यावर फक्त नाव असतं. माझी चूक होती. मी आयुष्यात पुष्कळ भांडणं केली आणि त्यातल्या एकाबद्दलही मला वाईट वाटत नाही. जे केलं नाही त्याबद्दल वाटतं.

कलम सहावं. म्हणून माझ्या दोऱ्या अशा. पायाकडची, दोन नंबर, एफी लॉरी. तीन ते आठ एफीनं आमच्या जुन्या संघातून जिला योग्य वाटेल तिला द्याव्यात. संघ ती माझ्यापेक्षा नेहमीच बरा निवडायची. कोणाचा खांदा दुखत असेल, कोणाचा खुबा बदललेला असेल, तरी बदली म्हणून नवऱ्यांना पाठवू नये. पुरुषांनी हॉलमध्ये थांबून जेवण गरम ठेवावं. चर्चच्या धर्मगुरू स्वतः बाई आहेत, त्यांची हरकत नाही. माझ्या भावाची आहे, तिची दखल घेऊ नये. एक नंबर, डोक्याकडची, रोना.

अंत्यविधीविषयी लिहिलेलं सगळं कायद्यानं बंधनकारक नसतं, असं श्रीमती ऑर म्हणाल्या. मी म्हटलं, "गाव वाचेल ना? मग पुरे." त्यांनी चष्मा काढला.

"हे रोनाला माहीत आहे का?"

"मी गेल्यावर तुम्ही वाचून दाखवालच."

"मिस्टर रेनी, ती रेल्वेच्या पुलापलीकडे राहते."

"ठाऊक आहे मला कुठे राहते ते."

"चालत दहा मिनिटं."

"माझ्या गुडघ्यांनी पंचवीस."

"मग लवकर निघा," त्या म्हणाल्या आणि टाइप करायच्या थांबल्या. पुढचं कलम त्या टाइप करणार नाहीत असं दिसतं. त्यामुळे ते मी माझ्या हातानं लिहितो.

कलम सातवं आणि शेवटचं. अंडरटेकरकडून कोरी कार्डं मी गेल्या आठवड्यातच आणली होती. एक नंबरचं कार्ड आत्ता या टेबलावर भरलं आहे आणि ते माझ्या खिशात आहे. सही झाली की ते घेऊन मी पुलापलीकडे जाणार आहे, आणि दारात उभा राहून, तोंडानं, तिची माफी मागणार आहे. तिनं दार लावून घेतलं तर तो तिचा हक्क आहे आणि त्यावरून तिला कोणी एक शब्द बोलू नये. तसं झालं, तर माझ्या अंत्यविधीच्या दिवशी एक नंबरची दोरी कोणीही धरायची नाही. ना भावानं, ना एफीनं, ना धर्मगुरूंनी. ती पेटीवर तशीच पडलेली असू द्या. बाकीच्या सात जणींनी मला सावकाश उतरवावं, आणि डोक्याकडून मी जरा वाकडा खाली गेलो तर जाऊ द्यावं.

वरील सर्व मी वाचलं आहे, ते माझंच आहे, आणि खालची सहीही माझीच आहे.

ड्युगल्ड ए. रेनी

त्यांनी आमच्यादेखत सही केली, आम्ही त्यांच्यादेखत:
१. इझाबेल टॉड, लेखनिक, श्रीमती ऑर यांचं कार्यालय
२. मर्डो पॅटन, खाटीक, ११ पिटहेड रो

किलब्रॅन, मंगळवार, आठ मार्च दोन हजार सोळा, दुपारी पावणेतीन. श्री. रेनी कोट घालून उभे आहेत.