आत्याबाईंचं थांबलेलं पोट

मखमलाबाद, नाशिक
९ ऑगस्ट १९९८

चि. कुंदनभावजींस वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र येऊन दोन महिने होतील. मुंबईत पोस्टाच्या पेट्या राहिल्या नाहीत की वहिनीचा पत्ता विसरलात? तुमचे दादा श्रावणामुळे पहाटेच झेंडू घेऊन फुलबाजारात जातात. बाकी सगळं ठीक आहे असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल.

आत्याबाईंना अन्न टिकत नाही. चार घास खाल्ले की पोट भरलं म्हणतात. सकाळचं जेवण संध्याकाळी उलटून पडतं. परवा तर आदल्या दिवशीची गवार जशीच्या तशी पडली. इथले डॉक्टर पित्त म्हणतात. आत्याबाई म्हणतात, पित्त नाय न काय नाय, छाया मला शिळंपाकं घालते. शेजारच्या मालनबाईंनाही त्यांनी तेच सांगितलं. आता गल्लीतल्या बायका मला पाहिलं की बोलता बोलता थांबतात. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही सातवीत होता, तुमचा डबा मीच भरायचे. माझ्या हातचं तुम्हाला ठाऊक आहे.

तुम्ही पोटाचंच संशोधन करता. हे कशानं होतं ते कळवा. मी लिहिलंय हे तुमच्या आईला कळू देऊ नका.

लोभ आहे, तो पत्रातून दिसू द्या.
तुमची वहिनी, छाया

मुंबई
२१ ऑगस्ट १९९८

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

रागावू नका, कामात पार बुडालो आहे. आमच्या विभागात लोकांना इडली खायला देतात. तिच्यात किरण सोडणारं औषध किंचित मिसळलेलं असतं. मग ठरावीक वेळाने कॅमेऱ्यापुढे बसवून पाहायचं, पोटातून किती पुढे सरकली. जठर म्हणजे नुसती पिशवी नव्हे. ते मिनिटाला तीनदा आवळतं, अन्न घुसळून पातळ करतं आणि थोडं थोडं आतड्यात सोडतं. निरोगी माणूस म्हणून मीच तीनदा बसलो. आता इडली दिसली तरी नको वाटते.

आईचं म्हणाल तर आबा गेल्यापासून तिला दुखणं वाढवून सांगायची सवय लागली आहे. तेल कमी घाला, आणि तिला ताजं, गरम देत जा, म्हणजे तक्रारीला जागाच राहणार नाही. तुम्ही मनावर घेणार नाही याची खात्री आहे.

दादांना नमस्कार. माया आहे तशी असू द्या.
आपला, कुंदन

मखमलाबाद
१४ सप्टेंबर १९९८

चि. कुंदनभावजींस आशीर्वाद.

तुमचं पत्र पोस्टमनने आत्याबाईंच्याच हातात दिलं. त्यांनी ते यांच्याकडून ओट्यावर मोठ्यानं वाचून घेतलं. मालनबाई बसलेल्या होत्या. हे इडलीपाशी थांबले असते तर बरं झालं असतं. ताजं, गरम देत जा, हे ऐकल्यावर आत्याबाई म्हणाल्या की बघा, डॉक्टर झालेला लेकही तेच सांगतो. त्या दिवसापासून त्या वेगळ्या स्टोव्हवर स्वतःचं करून खातात.

पण भावजी, स्वतःच्या हातचंही उलटतंच आहे. शिवाय एक गोष्ट मला भीती घालते. इन्सुलिन घेऊन पोटभर जेवल्यावरही दोनदा त्या घामानं थबथबल्या, जीभ अडखळली. साखर तोंडात घातल्यावर बऱ्याच वेळानं माणसात आल्या. जेवलेल्या माणसाची साखर उतरते कशी? म्हणून मी वीस दिवस लिहून ठेवलं: कधी खाल्लं, काय खाल्लं, कधी आणि काय पडलं, घाम कधी फुटला. तो कागद सोबत आहे. माझ्यावर विश्वास नसला तरी कागद वाचा.

छाया

मुंबई
१९ सप्टेंबर १९९८

ती. सौ. वहिनीस सा. न.

तुमचा कागद मी तीनदा वाचला, मग आमच्या मॅडमना दाखवला. हे कोणी लिहिलं, असं त्यांनी विचारलं. सातवी शिकलेल्या माझ्या वहिनीनं, म्हणालो तर त्या म्हणाल्या की मग तुम्ही दोन वर्षं इथे काय शिकलात?

आईला मधुमेह होऊन बावीस वर्षं झाली. पोट हलवणारी नस त्यानं निकामी होऊ शकते. मग अन्न जठरातच पडून राहतं. इन्सुलिन मात्र आपल्या वेळेला काम करतं, आणि अन्न पुढे सरकलेलं नसल्यामुळे साखर खाली जाते. असे रुग्ण शोधत मी वॉर्ड पालथे घालत होतो, आणि एक माझ्याच घरात होती. तिला दादांबरोबर ताबडतोब पाठवा.

त्या पत्रातल्या ओळीबद्दल क्षमा मागायला शब्द नाहीत.
आपला अपराधी, कुंदन

मुंबई
६ ऑक्टोबर १९९८

ती. सौ. वहिनीस शि. सा. न.

आईची तपासणी झाली. चार तासांनी निरोगी माणसाच्या पोटात जवळजवळ काही उरत नाही. आईच्या पोटात निम्म्याहून जास्त इडली होती. पडद्यावर पांढरा ढग दिसत होता, दर तासाला तसाच, त्याच जागी. ती टक लावून पाहत होती. ही इडली कुणी केली, असं तिनं विचारलं. इस्पितळातली, ताजी, मी सांगितलं. मग ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली की छायाला यातलं काय लिहू नको. मी लिहितो आहे.

पोट थोडं हलवणाऱ्या गोळ्या दिल्या आहेत. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं, मऊ, पातळ द्यायचं. पालेभाजी, गवार, कच्चं काही नको. इन्सुलिनची वेळ आणि मात्रा बदलली आहे, दादांना लिहून दिली आहे. बरं होणार नाही, वहिनी. सांभाळायचं एवढंच.

आपला, कुंदन

मखमलाबाद
१७ जानेवारी १९९९

चि. कुंदनभावजींस अनेक आशीर्वाद.

संक्रांत झाली. तिळगूळ यांच्या मित्राबरोबर पाठवला आहे, सगळा हॉस्टेलात वाटू नका. आत्याबाईंच्या उलट्या कमी आहेत. मऊ भात, मुगाचं कढण, घोटलेला भोपळा, सहा वेळा करते. त्या खातात. स्टोव्ह माळ्यावर गेला. मला मात्र एका शब्दानं काही म्हणाल्या नाहीत. मालनबाईंपाशी तर नाहीच. एकदा कढण देताना माझा हात भाजला, तेव्हा त्यांनी न बोलता तूप आणून लावलं. एवढंच.

पुढच्या महिन्यात लासलगावला माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. चार दिवस जाईन म्हणते. यांना सगळं समजावून ठेवीन.

लोभ वाढवा, वजनही.
वहिनी

मुंबई
१४ मार्च १९९९

ती. सौ. वहिनीस,

तेराव्याहून परत आलो, पण कामाला हात लागत नाही. त्या दिवसाचं दादांनी मला निघताना सांगितलं. तुम्ही लासलगावला होता, दादा बाजारात. मालनबाईंनी मायेनं आईला जेवायला बोलावलं, बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, पोटभर. आईनं नेहमीचं इन्सुलिन घेतलं आणि जाऊन मळ्यात बसली. चार वाजता दादांना सापडली ती बेशुद्धच. तीन दिवसांत गेली.

वहिनी, तुमचा काही दोष नाही. तुमच्यामुळे तिला हे पाच महिने मिळाले. तुम्ही तिचं जे केलंत ते मी जन्मभर विसरणार नाही.

आपला, कुंदन

मखमलाबाद
२२ मार्च १९९९

चि. कुंदनभावजींस आशीर्वाद.

तुमचं पत्र फार चांगलं आहे. पण त्यातलं सगळं मला आधीच माहीत होतं. दहाव्याला घाटावर बायका म्हणत होत्या की सुनेनं आधी शिळं घातलं आणि शेवटी टाकून माहेरी गेली. तुम्ही चार हातांवर उभे होता. तुम्हाला ऐकू आलं, कारण तुम्ही मान खाली घातलीत. आधीचं तुमचं वाक्य साऱ्या गल्लीनं ऐकलं, आणि हे मात्र पाकिटात घालून मला एकटीला पाठवलंत.

आता पत्र नको. या, आणि ओट्यावर बसून सांगा. फक्त मालनबाईंच्या त्या जेवणाचं काढू नका.

छाया

मखमलाबाद
१३ एप्रिल १९९९

चि. कुंदनभावजींस वहिनीचे अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलात हे कळलं. तुम्ही ओट्यावर बोलत होता तेव्हा मी दाराआड उभी राहून ऐकत होते. पोट कसं थांबतं, कागद मी कसा लिहिला, तुमचं ते वाक्य कसं चुकलं, सगळं नीट सांगितलंत. यांच्या डोळ्यांना पाणी आलं. मालनबाई शेवटपर्यंत मान हलवत होत्या.

तुमची रिक्षा वळल्यावर मालनबाई बाकीच्या बायकांना म्हणाल्या की दीर भावजयीची बाजू घेणारच, लहानपणी हिच्याच हातचं खाल्लंय ना.

वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही आलात. त्या जेवणाचं काढलं नाहीत, हेही बरं केलंत. मालनबाई अजून कुणाला ना कुणाला आत्याबाईंचं सांगतात, अंबू शेवटचं पोटभर जेवली ती माझ्याकडे. सांगताना रडतात. तेवढं त्यांच्यापाशी राहू द्या.

येत जा. माझा राग गेलेला नाही, पण घर तुमचं आहे.
तुमची वहिनी, छाया