आठव्या गाण्यातली दीड मात्रा

कोल्हापूर,
सोमवार, ४ ऑक्टोबर २००४

चि. शांभवीस गुरुसिद्धाचे आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची कॅसेट गेल्या आठवड्यात पोहोचली. माझी प्रकृती बरी आहे. डावा गुडघा जिन्यावर कुरकुरतो, पण रंकाळ्याची सकाळची फेरी अद्याप चुकलेली नाही. धोंडुबाई नेमाने दोन भाकऱ्या करून घालते आणि चार गोष्टी सुनावते. घरात एवढेच संभाषण होते. शिकवण्या मी जूनपासून बंद केल्या. हल्लीच्या मुलांना सा लागण्याआधी स्टेज लागते.

तू माझे मत मागितले आहेस. अठ्ठावीस वर्षांत मी तुला गोड वाटावे म्हणून काही सांगितले नाही, आजही सांगणार नाही.

'काकणठेका' हे शीर्षक मला रुचले नाही. मुखपृष्ठावरचे छायाचित्र त्याहून कमी रुचले. कोपरापर्यंत हिरवा चुडा, एक पाय उचललेला, केस सुटलेले. चौदा कॅसेटींवर लोकांनी तुला पांढऱ्या साडीत, हात मागे बांधून, स्तब्ध उभी असलेली पाहिले आहे. ती स्तब्धता ही तुझी ओळख होती. मुंबईच्या गायिका माइकसमोर हेलकावत असताना तू समईच्या ज्योतीसारखी उभी राहत होतीस आणि लोकांना फक्त गळा ऐकू येत होता. चव्वेचाळिसाव्या वर्षी ती ओळख उतरवून ठेवायची आणि नाचाच्या गाण्यांची कॅसेट काढायची, यामागे कलेची कोणती गरज आहे ते मला समजले नाही. बाजाराची गरज समजते.

फोनवर तू म्हणालीस, "गुरुजी, गळा तुम्ही घडवलासा. पण पाय माझंच हायत की." तुझ्या तोंडी 'हायत' ऐकून मला काय वाटले ते लिहीत नाही. इतकेच म्हणतो की पाय सर्वांनाच असतात.

गाण्यांतील यांत्रिक ठेका एकसुरी आहे. दुसऱ्या गाण्यात निषाद दोन ठिकाणी उतरला आहे. असा निषाद मी तुला सतराव्या वर्षीही माफ केला नसता.

एक गोष्ट गंभीर आहे. कॅसेटमधल्या कागदावर आठव्या गाण्याच्या, म्हणजे 'उन्हं आली उंबऱ्याला'च्या पुढे संगीतकाराचे नाव चुकीचे छापले गेले आहे. १९९० सालच्या पहिल्या कॅसेटपासून ते गाणे कोणाच्या नावावर आहे हे रसिकांना ठाऊक आहे. छापखान्याची चूक असेल असे धरून चालतो. पुढील आवृत्तीत दुरुस्ती व्हावी.

डिसेंबरच्या महोत्सवाबद्दल विचारलेस. निर्णय समितीचा असतो आणि मी निवृत्त माणूस आहे. अशा बाबींत हात घालत नाही.

मार्चमध्ये तुझ्या मातोश्री लिंगैक्य झाल्या, तेव्हा परीक्षकाचे काम असल्याने मला गडहिंग्लजला येता आले नाही. पत्राने सांत्वन केले होतेच.

रियाज सोडू नये.

डॉ. गुरुसिद्ध नेर्ले
निवृत्त विभागप्रमुख, संगीत


कोल्हापूर,
रविवार, १७ ऑक्टोबर २००४

चि. शांभवी,

मागच्या पत्राला तुझे उत्तर आले नाही, ते योग्यच आहे. हे पत्र उत्तराच्या अपेक्षेने लिहीत नाही. काही विधाने दुरुस्त करायची आहेत, आणि माझ्या पद्धतीप्रमाणे ती क्रमाने करणार होतो. पण दोनदा कागद फाडला. जमेल तसे लिहितो.

गुरुवारी सकाळी फेरी मारून घरी आलो तर स्वयंपाकघरात टेप चालू होता. धोंडुबाईने तुझी कॅसेट माझ्या टेबलावरून परस्पर उचलली होती. ती परातीपुढे उभी राहून पीठ मळत होती आणि तिचा पाय ठेक्यावर पडत होता. तिचे वय साठीच्या पुढे आहे. मी दारात उभा राहिलो. ती ओशाळली नाही.

"काय बगतायसा, गुरुजी? आपुआप हलतोय त्यो. मी न्हाय हालवत."

"बंद कर ते."

"एवढं गाणं हुंदे की. आक्कांचं हाय. तुमचीच पोरगी न्हवं ती?"

मी टेपकडे हात नेला तोवर सातवे गाणे संपले आणि आठवे सुरू झाले.

येथे पहिली दुरुस्ती. तोपर्यंत मी आठवे गाणे ऐकलेले नव्हते. तिसरेही नाही. दोन गाणी ऐकून मी यंत्र बंद केले होते, कागदावरची ती नोंद वाचली होती आणि तुला पत्र लिहिले होते. समेवर येईपर्यंत तोंड उघडायचे नाही, हा धडा मी तुला पहिल्याच दिवशी दिला होता. तुझा चेहरा वाकडा झाला म्हणून सबंध तासभर तुला बोलू दिले नव्हते.

गाण्याच्या आरंभी तुझा यांत्रिक ठेका नाही. काकणे आहेत. तीन वेळा किणकिण आणि एक जागा रिकामी, पुन्हा तीन, पुन्हा रिकामी. मग तुझ्या आईचा, रत्नव्वांचा आवाज. मी पायांतल्या चपला न काढता स्वयंपाकघरात उभा होतो.

तो आवाज कोठून आला हे मला विचारावे लागले नाही. बाबालालला नोटेशन वाचता येत नसे. म्हणून तो ठेके पाठ करण्यासाठी आपला छोटा टेपरेकॉर्डर खुर्चीखाली चालू ठेवून हलगी वाजवायला बसे, आणि मी दर वेळी त्याला म्हणत असे, "बाबालाल, हे अशिक्षितपणाचे लक्षण आहे." तो हसून म्हणायचा, "व्हय की गुरुजी, त्याबिगर का तुमच्याकडं आलोय?" माझ्या नोटेशनच्या सव्वीस वह्या कपाटात आहेत. त्यांतल्या एकाही पानावर ती किणकिण नाही.

पहिल्या कॅसेटच्या ध्वनिमुद्रणाचा, नव्वद सालच्या जानेवारीतला तो दिवस तुला आठवत असेलच, तरी मी माझ्या बाजूने सांगतो, कारण मी तो आजवर वेगळा सांगत आलो आहे.

मागे साथ धरायला बायका हव्यात म्हणून तू आईला आणलेस. मिरचीच्या हंगामात गडहिंग्लजच्या बाजारात बायका ओळीने बसून संकेश्वरी मिरचीचे देठ खुडतात. रत्नव्वांनी आयुष्यभर ते काम केले. बोटे लाल झालेली. देठ खुडला की मनगटाला झटका बसतो, झटका बसला की काकणे वाजतात, आणि तीन मिरच्या खुडून चौथ्या वेळी हात टोपलीकडे जातो. ती रिकामी जागा तेथून आली आहे. त्या माइकपुढे गायल्या तेव्हाही मनगट तसेच हलत होते. मी रेकॉर्डिंग थांबवले आणि त्यांना काकणे काढायला सांगितले.

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी बोलायलाच चुकलो आहे. "काकणं काढाय माझा नवरा मेलाय व्हय, मास्तर? गडिंग्लजात जित्ता हाय की. पान खात बसला असंल."

सगळा स्टुडिओ हसला. तूही हसलीस. बाबालाल म्हणाला, "गुरुजी, त्या काकणांचा ठेका माझ्या हलगीपेक्षा सुद्द हाय. ऱ्हाऊ द्या की." मला 'मास्तर' म्हटलेले आवडत नसे, हे तुला माहीत होते. सधवेने काकणे उतरवणे म्हणजे काय, हे मला पुस्तकातून कळायचे नव्हते. माझी आई त्याच तालुक्यातली, त्याच बाजारात बसणारी. हे मी कोल्हापुरात कधी कोणाला सांगितले नाही. तुला तर मुळीच नाही.

मग मी जे आठ शब्द बोललो ते बोललो. "बाई, तुम्ही बाहेर बसा. हे तुमचे काम नव्हे."

त्या उठल्या. पदर सावरला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसल्या. आपण सायंकाळी काम संपवून बाहेर आलो तेव्हा त्या तेथेच होत्या आणि त्यांनी तुला विचारले, "जेवलीस का गं?" दुसऱ्या दिवशी मुंबईच्या दोन गायिका बोलावल्या. त्यांच्या हातांत घड्याळेसुद्धा नव्हती. गाणे स्वच्छ झाले. पुढे तुझे हात मी मागे बांधायला लावले, त्याचे कारणही तेच. लोक ज्याला तुझी स्तब्धता म्हणाले, ती माझी खबरदारी होती. गेल्या पत्रात मी तिला तुझी ओळख म्हटले. तुझी ओळख चौदा वर्षे तुझ्याच पाठीमागे बांधलेली होती.

आता जे लिहायचे टाळत होतो ते.

अडचण काकणांची नव्हती. माइक थोडा लांब ठेवून ती काकणे सहज सामावता आली असती. बाबालालला कळत होते ते मला कळत नव्हते असे कोणी मानू नये. 'उन्हं आली उंबऱ्याला' ही चाल मी केलेली नाही. तू सोळा वर्षांची असताना एकदा घरी ती गुणगुणलीस, मी विचारले तेव्हा म्हणालीस, "आईचं हाय." मी ती वहीत उतरून घेतली, अंतऱ्याला एक कोमल गंधार जोडला, आणि चौदा वर्षांनी वर माझे नाव लिहिले. रत्नव्वा त्या ध्वनिमुद्रणात राहिल्या असत्या तर ऐकणाऱ्या कोणालाही कळले असते की गाणे त्यांच्या अंगात आहे आणि माझ्या वहीत आहे. म्हणून त्या बाहेर बसल्या. त्या गाण्याने तुझे नाव झाले, माझे विभागप्रमुखपद झाले, शाली झाल्या. त्यांनी एकदाही काही म्हटले नाही. तुझ्याकडे म्हटले असेल तर मला कळवू नकोस.

तेव्हा कागदावरची 'चाल : रत्नव्वा' ही नोंद छापखान्याची चूक नाही. चूक चौदा वर्षे छापली जात होती. ती तू दुरुस्त केलीस.

मार्चमध्ये परीक्षकाचे काम नव्हते. मी घरी होतो.

आणि महोत्सव. समितीचे गणपतराव सप्टेंबरअखेरीस मला भेटायला आले होते. म्हणाले, "तुमच्या शिष्येचा कार्यक्रम ठेवतोय, पण ह्या नाचाच्या गाण्यांवर काही लोक कुरकुरतायत. तुम्ही एक ओळ लिहून द्या, म्हंजे कुणाचं तोंड उघडणार न्हाय." मी एक ओळ लिहून दिली: हा कार्यक्रम अभिजात संगीताच्या व्यासपीठास शोभणारा नाही. खाली सही केली, पदवीसह. कॅसेट हाती येऊन तेव्हा एकच दिवस झाला होता. चार दिवसांनी मी तुला लिहिले की मी अशा बाबींत हात घालत नाही.

शुक्रवारी गणपतरावांकडे जाऊन तो अभिप्राय लेखी मागे घेतला. त्यांनी चहा दिला. "आता उशीर झाला, गुरुजी. तारीख दुसऱ्याला दिली. आक्कांना कळवलं तेव्हा त्या फक्त 'बरं' म्हणाल्या." अभिप्राय कोणाचा, हे त्यांनी तुला सांगितलेले नाही. मी सांगत आहे.

धोंडुबाईने कळवळून विचारले, "गाण्यात बया गातागाता मधीच का थांबली वं? टेप बिघडला जणू." टेप बिघडलेला नाही. रत्नव्वांचा आवाज तिसऱ्या ओळीत तुटतो, दीड मात्रा काहीही नाही, आणि मग तुझा ठेका आणि तुझा गळा एकदम येतात. मी ती जागा त्या दिवसापासून पुष्कळदा ऐकली. ऐकणाऱ्यांना ती तुझी कल्पकता वाटेल. तेथे बाबालालच्या फितीवर काय आहे हे मला ठाऊक आहे. माझे आठ शब्द आहेत. ते तू कापलेस. सबंध महाराष्ट्राला ऐकवता आले असते, आणि तू मला न विचारता, न सांगता, दीड मात्रेची शांतता ठेवून मला झाकलेस.

काप अतिशय सफाईदार आहे. मी शिकवले असते तरी इतका जमला नसता.

त्यानंतर तू गातेस तो निषादही किंचित उतरलेला आहे. आता कळते, तो तसाच आईचा आहे. मागच्या पत्रातील ते वाक्य रद्द समज.

माझी विनंती अशी की पुढील आवृत्तीत ते आठ शब्द जागच्या जागी ठेवावेत. त्यांच्याविना गाणे अपुरे आहे, आणि अपुरे काम मी कधी पुढे जाऊ दिलेले नाही. तुला ते पटणार नाही असे वाटते. तू ऐकशीलच अशी सक्ती करण्याचा अधिकार मला राहिलेला नाही.

बाबालालकडून कळले की जानेवारीत गडहिंग्लजला, मिरचीच्या सौद्यांच्या दिवसांत, बाजाराशेजारच्या पटांगणावर तुझा कार्यक्रम आहे आणि देठ खुडणाऱ्या बायका मागे साथीला बसणार आहेत. मी एस.टी.ने येईन. तू नाचशील तेव्हा पाहीन. पहिल्या रांगेत माझ्यासाठी खुर्ची राखू नये, माझे नाव पुकारू नये.

मी बाहेर बसेन.

गुरुसिद्ध मास्तर