चौथा गडी पाहिजे

साखरखेर्डा,
सोमवार, दुपारचे तीन (म्हणजे पत्त्यांची वेळ)

परममित्र श्री. किसनराव यांस,

नारायणचा सप्रेम जयभीम आणि कडकडीत नमस्कार. (समोर कधी तुला ‘श्री.’ म्हटलं नाही, पत्रात म्हणून घेतो. चौतीस वर्षं गावाचं टपाल वाटलं, पाकिटावर ‘श्री.’ नसलं की ते कसं उघडंबोडकं दिसतं हे मला ठाऊक आहे.) तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या प्रसेनजितच्या अकराव्या मजल्यावरची लिफ्ट चालू असते ना? सूनबाई आणि नातवंडं खुशाल असतील. फोन मी सतरा वेळा लावला. तू उचलला नाहीस, त्या अर्थी पुण्यात एवढ्या उंचावर रेंज पोचत नसणार, म्हणून पत्र. माझी तब्येत झकास. भूक लागते, झोप लागते. तुझी आठवण इथे कोणाला येत नाही, तेव्हा काळजी नसावी.

तू गेल्याला आठ महिने झाले. ‘चार दिवस पोराकडे जातो’ असं अर्जुनरावला सांगून गेलास, मला नाही. आता मेंढीकोटाच्या एका डावावरून कोणी गाव सोडतं का? चारही दश्शा अर्जुनराव-पंजाबरावच्या जोडीकडे गेल्या, आपल्यावर कोट चढला आणि मी रागाच्या भरात, सुताराच्या ओट्यावर, चारचौघांत म्हणालो, “तुले पत्त्यातलं काही समजत नाई बे, उगाच जागा अडवून बसतं!” एवढंच. (बरं, दोनदा म्हणालो.) तू पत्ते खाली ठेवलेस, चप्पल घातलीस आणि गेलास. त्यानंतर अर्जुनराव, पंजाबराव आणि मी तिघंच उरलो. तिघांत मेंढीकोट होत नाही, म्हणून तीन-दोन-पाच खेळतो. खेळ वाईट नाही, पण किसन, त्यात समोर आपला माणूस नसतो. दोन्हीकडे शत्रूच. पत्ते उचलून मी सवयीनं समोर बघायचो, तर समोर सुताराचं बंद दार.

अशात दुसरबीडला तीन दिवसांचं शिबिर लागलं, ‘कल्पनेतून स्टार्टअपकडे’. मी गेलो ते दुपारच्या जेवणासाठी. खरं सांगायचं तर जेवणासाठीही नाही, पन्नास माणसांच्या पंगतीत बसायला मिळेल म्हणून. अनुपमा मॅडम नावाची तरतरीत पोरगी शिकवायला होती. ती म्हणाली, धंद्याचा विचार नंतर करा, आधी अडचण सांगा. प्रत्येक धंद्याच्या पोटात कोणाची तरी अडचण असते. एकानं सोयाबीनचा भाव सांगितला, एकानं शेळ्यांचे आजार. माझी पाळी आली तर तोंडातून निघून गेलं, “मॅडम, आमच्याकडे चौथा गडी नाई.” सगळा हॉल हसला. मॅडम हसली नाही. तिनं फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘चौथा गडी’ लिहिलं आणि विचारलं, “काका, ही अडचण फक्त तुमचीच आहे की आणखी कोणाची?” मी खाली बसलो. आठ महिन्यांत मला हे कोणी विचारलं नव्हतं.

मग गृहपाठ मिळाला. एकदम काही उभारायचं नाही. आधी वीस जणांना भेटायचं, आपली कल्पना सांगायची नाही, त्यांची हकीकत ऐकायची. मी वही घेऊन निघालो. वही घेतलेला म्हातारा दिसला की माणसं काय समजतात हे मॅडमला कुठून माहीत असणार! एका घरी मला घरकुलाच्या यादीवाला समजले, चहाबरोबर चिवडाही आला. दुसऱ्या घरी मतदारयादीवाला समजले आणि एक आजी माझ्यावर चिडली, “मले मेलेली काऊन दाखवली रे यादीत?” मी माफी मागून सुटलो. (तिचं नाव मात्र वहीत ‘जिवंत’ म्हणून लिहून घेतलं, तिला तेवढंच बरं वाटलं.) पण किसन, अडचण खरी निघाली. दुसरबीडच्या स्टँडमागे तिघे, शाळेच्या भिंतीला तिघे. कोणाचा चौथा वारला, कोणाचा संभाजीनगरला पोरीकडे, कोणाचा भांडून गेलेला. सगळे रिकाम्या जागेकडे बघत तीन-दोन-पाच खेळून राह्यलेत.

मॅडम म्हणाली, आता छोटा प्रयोग करा. काका, तुम्ही स्वतःच चौथा गडी म्हणून जा. गेलो स्टँडमागे. समोर राजकुमार नावाचे गृहस्थ, निवृत्त कंपाउंडर. पहिल्याच डावात हुकमाचा एक्का हाती आला आणि मी सवयीनं कान खाजवला. चाळीस वर्षांची आपली खूण, कान म्हणजे एक्का माझ्याकडे, नाक म्हणजे नाही. त्या भल्या माणसानं डाव थांबवला, मला उजेडात नेलं, कानात टॉर्च मारला आणि घरून कोमट तेल आणवून दोन थेंब सोडले. उरलेले डाव मी एका कानानं खेळलो. हरलो, पण त्यांनी जेवू घातलं आणि उद्या या म्हणाले.

तिसऱ्या दिवशी कल्पना पारखणाऱ्या समितीपुढे दोन मिनिटं बोलायचं होतं. त्यातल्या एका साहेबांनी विचारलं, एकदा गडी मिळाल्यावर लोक तुमच्याकडे परत कशाला येतील? मी म्हणालो, “नाईच येणार साहेब, थोच तर उद्देश आहे.” साहेबांनी कागदावर फुली मारलेली मला तिथून दिसली. तरी मॅडमनं व्हॉट्सअ‍ॅपवर ‘चौथा गडी’ नावाचा ग्रुप काढून दिला आणि पंधरा दिवसांत त्यात अकरा गावं आली. जोड्या जुळल्या. मी रोज कुठे ना कुठे जायचो, एसटीच्या खिडकीशी बसायचो, उद्योजक असल्यासारखं वाटायचं.

गेल्या मंगळवारी बस चुकली म्हणून आपल्या ओट्यावर गेलो, तर तिथे चौघं बसलेले. मी नसतो म्हणून अर्जुनरावनं माझ्याच ग्रुपवर ‘दोन गडी पाहिजेत’ टाकलं होतं. मळ्यातले दोघे साडू रोज मोटरसायकलवर येतात आता. पंजाबरावनं सरकून मला बसायला जागा दिली, बघायला. अर्जुनरावला बोल लावत नाही, तोही तीन-दोन-पाचाला विटला होता. मॅडमला फोन केला तर ती आनंदानं म्हणाली, “काका, प्रयोग यशस्वी झाला!” प्रमाणपत्र आलं आहे. सिंधूच्या फोटोशेजारी लावलं. संसार अर्धा टाकून ती गेली, त्याच्या तेराव्या दिवशी तू पत्ते घेऊन आला होतास. बोलला काहीच नाहीस, नुसते पिसत बसलास. मला फार बरं वाटलं होतं, ते तुला सांगायचं राहिलं.

असो. सर्वांना यथायोग्य सांगणे.

तुझा,
नारायण (संस्थापक)

ता. क. : वर आठवणीबद्दल लिहिलं आहे ते खोटं आहे.

ता. क. २ : ग्रुपवर अकरा गावांतले गडी आहेत. हव्या त्या दिवशी मला कोणीही मिळेल. मी अजून माझी मागणी टाकलेली नाही. मला कोणीही नको आहे. त्या साडूंना हरवायचं तर समोर तू पाहिजेस.

ता. क. ३ : हे लिहायलाच पत्र घेतलं होतं, बाकीचं सगळं लांबण आहे. त्या दिवशी मी कान खाजवला, म्हणून तू विश्वासानं हुकमाची दश्शी टाकलीस आणि पंजाबरावनं एक्का मारून ती नेली. किसन, मी खूण केलीच नव्हती. डास चावला होता, कान खरंच खाजत होता. हे मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि तरी मी तुलाच बोललो. ओट्यावर सगळ्यांसमोर हे सांगायला तयार आहे, पण तू समोर बसला असशील तरच.