यामिनीला पडलेलं एक मत

व्हिटबी, १२ ऑक्टोबर २००४

प्रिय उन्मेष,

पत्र बघून दचकू नकोस. घरचा ई-मेल तुझी लाडकी बहीण यामिनी वाचते, म्हणून हा उपद्व्याप.

चार वर्षं मी तुझं डोकं खाल्लं, कबूल. पण तू वागलासही तसाच! दोन हजार साली अमेरिकेचा अध्यक्ष कोण ते तुमच्या फ्लोरिडात पाचशे सदतीस मतांवर ठरतं, आणि माझा सख्खा मेहुणा मत देतो कुणाला, तर निवडून यायची सुतराम शक्यता नसलेल्या तिसऱ्याला. वर मलाच ऐकवतो, जो पटला त्याला दिलं. अरे, मत म्हणजे काय देवाला वाहायचं फूल आहे? मी कॅनडात, मला नुसतं टीव्हीपुढे चरफडायचं. यंदाही तो बाबा उभा आहे आणि यंदाही तू माझं ऐकणार नाहीस. धन्य आहे!

तर, गेल्या रविवारी इथे आमच्या मंडळाची निवडणूक झाली. अध्यक्षपदाला शैलेंद्र आणि मिलिंद, दरवेळसारखेच. शैलेंद्र आला की गणपतीत तीन तास हिंदी ऑर्केस्ट्रा, मिलिंद आला की तीन तास मिलिंदचं भाषण. यामिनी वैतागली आणि स्वतःच उभी राहिली. मुलांसाठी शनिवारी मराठीची शाळा काढायची, एवढंच तिचं म्हणणं. ग्रोसरी करताना, पार्किंग लॉटमध्ये, बायका तिला गाठून सांगायच्या, तूच हवीस गं. आणि घरी जाऊन म्हणत असणार, पण ती कुठली येतेय निवडून! मीही मनात तेच म्हटलं. शैलेंद्र येऊ नये म्हणून मिलिंदला मत टाकलं. शैलेंद्रला एकेचाळीस, मिलिंदला अडतीस, यामिनीला एक. झालं माझं शहाणपण!

परतताना गाडीत मला वाटलं, आता ही रडणार. तर तिनं हसून माझा हात धरला. स्वतःलाच मत देणं तिला कसंसंच वाटलं होतं, तिनं आपलं मत मिलिंदला दिलं होतं. म्हणजे ते एक मत माझंच, असं तिनं धरलं. बाकी सगळ्यांनी फसवलं, तू नाहीस, म्हणाली. मी आपला रस्त्याकडे बघत गाडी हाकत राहिलो. तेव्हापासून ती गुणगुणत फिरतेय, माझ्यासाठी भरली वांगी काय, साटोऱ्या काय, आणि मला घास गिळवत नाही. लाज वाटते रे. ऐंशी माणसांत एकच शहाणं निघालं, आणि ते मी नव्हतो.

भाऊबिजेला ती टॅम्पाला येतेय. ही गोष्ट फोनवर नाही, तुझ्यासमोर बसून सांगणार आहे, मोठ्या अभिमानानं. माझी भाषणं तुला पाठ आहेत, ऐकताक्षणी तुला कळेल की हे मत माझं असणं शक्य नाही. म्हणून हे पत्र. हसू नकोस. म्हण, प्रताप आहेच तसा. मला हव्या तेवढ्या शिव्या नंतर दे, मी ऐकून घेईन. पण तिला कळू देऊ नकोस. तिच्याजवळ तेवढं एकच मत आहे रे.

तुझाच,
प्रताप