तिसऱ्या नंबरचं बेअरिंग

१२ फेब्रुवारी, रविवार

गाडी घरी आली. तो नाही आला.

पोलीस ठाण्याच्या आवारातून ओढून आणली. पुढे दीर त्याच्या मित्राचा ट्रक घेऊन, मागे दोराला बांधलेल्या आमच्या गाडीत मी, स्टिअरिंग धरून. इंजिन बंद असलं की ट्रक किती जड होतो! वळणावर अख्ख्या अंगाने ओढावं लागत होतं. आरसा त्याच्या उंचीला लावलेला. मला त्यात नुसतं आभाळ दिसत होतं. हात लावला नाही.

हवालदाराचं तेच पालुपद — "गाडी रस्त्याकडेला, चावी जागेवर, माल शाबूत, माणूस तेवढा नाही. बाई, असे नवरे एक दिवस सापडतात. दुसऱ्या गावात, दुसऱ्या घरात!" वर हसला. मी कागदावर सही केली आणि आले.

सासूबाई दारात उभ्या होत्या. ट्रक फाटकातून आत वळताना बघून लगबगीने पुढे आल्या. मग केबिनमधून मी उतरले. त्यांचा चेहरा असा पडला की मलाच शरम वाटली, मी उतरले म्हणून.

१३ फेब्रुवारी

दीर म्हणतो, भंगारात घाल. "गेलेल्या माणसाची गाडी कशाला कुरवाळत बसतेस?" गेलेला म्हणजे पळालेला. सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय. पाण्याच्या नळावर बायका मला बघितलं की बादल्यांकडे बघतात.

मी इंजिन उघडणार. मला दुसरं काही उघडता येत नाही. चिठ्ठी नाही, निरोप नाही, फोन सीटखाली बंद पडलेला. मागे ठेवलंय ते एवढं लोखंड!

निघाला त्या सकाळी वैतागला होता. मिस्त्रीच्या गॅरेजातून इंजिन बांधून आणल्यापासून आत ठोका येतोय म्हणत होता. "तिसऱ्या सिलिंडरला. टक्-टक्-टक्. मिस्त्रीला सांगितलं तर म्हणतो, तुझे कान तपास." मग बॉनेटवर दोन बोटांनी टकटक करून गेला — निघताना नेहमी करतो तशी.

मला एवढंच कळायला हवं. तो मला सोडून गेला, की नाही. बाकी जगाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

१५ फेब्रुवारी

मिस्त्री येऊन गेला. ज्याने इंजिन बांधलं तोच. बसायला सांगितलं नाही तरी बसला.

"वहिनी, गाडी माझ्याकडे पाठवा. एक पैसा घेणार नाही. माणुसकी आहे की नाही?"

मी विचारलं, तो त्या दिवशी तुमच्याकडे आला होता का? "छे! इंजिन बांधून दिलं तेव्हा शेवटचा बघितला. लोण्यासारखं चालत होतं. वहिनी, रागावू नका — ज्याला पळायचं असतं त्याला इंजिनाचं निमित्त पुरतं."

रागावले. पण गरजवंताला अक्कल नसते. म्हटलं, इंजिन मी आणि बाबाच खोलू, फक्त गाडीखाली काम करायला तुमचा खड्डा एक-दोन दिवस द्या. तर म्हणाला, "खड्डा बुजवला, वहिनी. आत साप निघाला. सिमेंट ओतून टाकलं."

चहा अर्धा टाकून गेला.

१६ फेब्रुवारी

दिवेलागणीला सासूबाई एकदम उठून बसल्या. "आला बघ. वळणावर गिअर बदलला त्याने." ट्रक अंगणात उभा आहे, हे त्यांना कोण सांगणार? दाराची कडी काढून आल्या.

१९ फेब्रुवारी, रविवार

बाबा आले. स्टूल, पंखा आणि आवाज, तिन्ही घेऊन! जन्मभर गॅरेज चालवलं, आता हात थरथरतात, पाना धरवत नाही. "हात तुझे, शिव्या माझ्या," म्हणाले. लहानपणीही असंच होतं, फक्त तेव्हा हात त्यांचे होते आणि रडणं माझं.

मिस्त्रीने खड्डा बुजवला हे सांगितलं तर हसले. "खड्ड्याशिवाय गॅरेज म्हणजे चुलीशिवाय स्वयंपाकघर. मग तुझी गाडी फुकटात करणार कसा? आडवा झोपून?"

आडवी मीच झोपले. पुढची चाकं ठोकळ्यांवर चढवली, खाली पोतं अंथरलं, आत सरकले. खालून बघितलं आणि डोकंच फिरलं. जिथे पातळ पॅकिंग हवं तिथे बोटबोट गम थापलाय. एक नळी तारेने बांधलेली — तारेने! आखूड बोल्टाच्या जागी लांब, खाली दोन वायसर घालून. बाबांना एकेक सांगत होते आणि ते वरून मिस्त्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

आणि कळस म्हणजे, इंजिनाच्या तळाचं तेलाचं चेंबर नुसत्या चार बोल्टांवर. चार कोपऱ्यांना चार, तेही हाताने फिरवलेले! बाकीची सगळी भोकं रिकामी. याच्या हातात लोक गाड्या देतात. या चार बोल्टांवर माझा माणूस रस्त्यावर गेला!

रागाने पाना आपटला. बाबा म्हणाले, आज पुरे.

२० फेब्रुवारी

शीतगृहातल्या कामावर लक्ष नाही. पावत्या चुकल्या. साहेबाने स्वतःच दुरुस्त केल्या, ते जास्त लागलं.

२२ फेब्रुवारी

अर्धी रजा टाकली. चेंबर उतरवलं. तेल नव्हतंच, थेंब थेंब गळलं तेवढंच. तळाला तांबूस चुरा, बोटाला चमकतो. म्हणजे बेअरिंग खाल्लं गेलंय. ठोका खरा होता. त्याचे कान ठीक होते!

प्रत्येक सिलिंडरचा दांडा खाली क्रँकला, म्हणजे चाकांना फिरवणाऱ्या मोठ्या दांड्याला, धरतो. मध्ये दोन अर्धगोल पत्र्यांचं बेअरिंग — एक तुकडा वर, एक खाली — आणि खालून लोखंडी टोपी आवळलेली. पहिला नंबर बघितला, बरा. दुसरा बरा. तिसऱ्याच्या टोपीला पाना लावला तर बोल्ट बोटांनीच फिरले. टोपी हातात आली. वरचा अर्धा तुकडा जागेवर. खालचा नाहीच.

ओरडलेच. "बाबा, त्या गाढवाने बेअरिंगच घातलं नाही!"

बाबांनी स्टूल पुढे ओढलं. मग म्हणाले, "बेअरिंगशिवाय गाडी त्याच्या फाटकाबाहेर पडली नसती. घातलं होतं. नंतर कोणीतरी काढलंय. टोपी दे इकडे."

फडक्याने टोपी पुसली. नाकाशी धरली. मग माझ्यापुढे केली.

खिळ्याने ओरखडून लिहिलेला ३. शेजारी बाण, पुढची बाजू दाखवणारा. ३ ची शेपूट लांब, खाली वळवलेली — दुधाच्या हिशेबात, गॅसच्या सिलिंडरवर, माझ्या वाढदिवसाच्या केकच्या डब्यावरसुद्धा तो असाच ३ काढतो.

बाबांनीच शिकवलं होतं त्याला, लग्नानंतर. काढलेल्या प्रत्येक तुकड्यावर नंबर आणि बाण. "काढताना खूण, बसवताना सुख." तेव्हा तो मला डोळा मारायचा, बाबांची पाठ वळली की.

२३ फेब्रुवारी

त्यानेच खोललं होतं. रस्त्याकडेला, एकट्याने, गाडीखाली झोपून. चार बोल्ट त्याचे. मी मिस्त्रीला दिलेल्या शिव्या त्यालाच लागल्या!

बाकीचे बोल्ट कुठे?

२४ फेब्रुवारी

सापडले.

त्याचा जेवणाचा डबा ठाण्यातून आल्यापासून सासूबाईंनी फळीवर ठेवला होता. कोणाला हात लावू देत नाहीत. "तो आल्यावर घासेन." आज फळी पुसताना मी डबा उचलला तर आत खळखळ झालं. अन्न खळखळत नाही.

उघडला. सासूबाई किंचाळल्याच. आत सगळे बोल्ट. वायसर घालून, फडक्याने पुसून, एकही हरवू नये म्हणून झाकण लावून.

पळून जाणारा माणूस बोल्ट डब्यात भरून ठेवत नाही!

सासूबाईंना म्हटलं, तो परत येणार होता. त्या म्हणाल्या, "मग मी काय वेगळं सांगतेय इतके दिवस?"

दोघी रडलो. मी मोठ्याने रडले, लाज सोडून. नळावरच्या बायकांनी ऐकलं असेल तर बरंच झालं.

२६ फेब्रुवारी, रविवार

बाबांनी वरचा तुकडा बघितला. मागे जाडीचं माप ठोकलेलं असतं. वीसचा. "क्रँक वीसच्या मापाला घासलाय. खाली मिस्त्रीने दहाचा घातला असणार. एका पायात चप्पल, एका पायात बूट. ठोकणारच. जावयाने ओळखलं, म्हणून तर काढून घेऊन निघाला. दुकानात जायचं तर नमुना हातात हवा."

हौद्यात ताडपत्रीखाली तेलाचा कॅन सापडला. गाळून भरलेलं तेल, तोंडाला फडकं. परत ओतायचं होतं त्याला. सगळं तयार ठेवून गेला होता. फक्त एक तुकडा आणायचा, बसवायचा, घरी यायचं.

मग आला का नाही?

कालपर्यंत हा प्रश्नच नव्हता. पळाला, एवढं म्हणून लोक मोकळे होत होते, आणि रागाच्या भरात मीही. आता राग धरायला जागा उरली नाही. त्याला कुठेतरी दुसरं घर असतं, तिथे तो जेवला असता, झोपला असता... पळाला असता तर बरं झालं असतं. आज पहिल्यांदा असं वाटलं.

१ मार्च

सुट्या भागांची सगळी दुकानं पालथी घातली. फोटो दाखवला. असा माणूस, हातात अर्धं बेअरिंग, आला होता का? कोणी नाही बघितला. एकाने मात्र चष्मा वर करून विचारलं, "ज्याने बांधलं त्याच्याकडे विचारलंत का?" म्हटलं, विचारलं. तो नाही म्हणतो.

वीसची नवी जोडी घेतली.

४ मार्च

केबिनमध्ये बसले होते, फडकं शोधायला म्हणून. सीटला त्याच्या बसण्याचा खळगा पडलाय. त्यात बसले. वास अजून आहे, डिझेल आणि साबण. डोळे मिटले तर बॉनेटवर दोनदा टकटक. स्पष्ट!

उतरून बघितलं. कोणी नव्हतं. बाबांना सांगितलं नाही. त्यांनी पंखा वगैरे गुंडाळून मला घरी नेलं असतं.

५ मार्च, रविवार

क्रँकचा ओरखडा बारीक पॉलिश पेपरने घासून काढला. बाबा दर दोन मिनिटांनी "नख फिरव, नख फिरव." नख अडलं नाही तेव्हा थांबले. बेअरिंग बसवलं, टोपी त्याच्या बाणाप्रमाणे. डब्यातले बोल्ट एकेक करून. मिस्त्रीचा सगळा गम खरवडला, तारेची नळी बदलली. चेंबर लावताना बोल्ट एकही कमी पडला नाही, एकही उरला नाही.

डबा घासला. सासूबाईंनी घासू दिला.

९ मार्च

हवालदाराला टोपीवरचा ३ दाखवला, डब्याची गोष्ट सांगितली. "बोल्टांवरून माणूस सापडत नाही हो बाई." म्हटलं, मग कशावरून सापडतो? "पुरावा आणा." जणू काही मंडईतून आणायचा आहे.

१२ मार्च, रविवार

चालू झालं! त्याचंच गाळलेलं तेल घातलं होतं, वर थोडं नवं. आधी खोकलं, काळा धूर सोडला, आणि मग लागलं. बाबांनी लाकडी दांडा एका टोकाने इंजिनाला, एका टोकाने कानाला लावला. बराच वेळ. मी श्वास धरून. मग दांडा खाली टाकला आणि थरथरत्या हातांनी टाळ्या वाजवल्या.

ठोका नाही. कुठेच नाही.

सासूबाई बाहेर आल्या, बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "अंग गरम आहे," म्हणाल्या.

आरसा खाली केला. त्याआधी दांडीवर खिळ्याने त्याच्या उंचीची खूण केली. परत लावायला सोपं जावं म्हणून.

उद्या गाडी मिस्त्रीच्या दारात नेणार. ऐकवणार त्याला. बाबा म्हणतात, कशाला नादी लागतेस? लागणार! लोण्यासारखं म्हणजे काय ते त्याला कळू दे.

१३ मार्च

ठाण्यासमोर, केबिनमध्ये बसून लिहितेय. आत जायच्या आधी. अक्षर वाईट येतंय.

हॉर्न वाजवतच गेले, त्याच्यासारखा, दोन छोटे एक लांब. गाडी सरळ गॅरेजात घेतली, मधोमध, बुजवलेल्या खड्ड्याच्या नव्या सिमेंटवर. मिस्त्री बाहेर आला आणि त्याच्या हातातला कप पडला. मला वाटलं, बाई चालवतेय म्हणून. "ऐका," म्हटलं, "ठोका गेला." तो इंजिनाकडे बघतच नव्हता. चाकांखाली बघत होता. "वहिनी, गाडी बाहेर घ्या. आधी बाहेर घ्या."

त्याच्या टेबलावर बिलं उडू नयेत म्हणून काहीबाही ठेवलेलं. त्यात एक अर्धगोल तुकडा, आतून तांबूस खाल्लेला, पाठीवर काळं तेल. माप दहाचं. अंगठ्याने तेल पुसलं. खाली ३. शेपूट लांब. शेजारी बाण.

मिस्त्रीने तो कधी पुसून बघितलाच नसणार. काम झाल्यावर तपासायची सवयच नाही त्याला.

तुकडा माझ्या मुठीत आहे. तो तिथे पोचला होता. सासूबाईंना कसं सांगू? मी गाडी त्याच्यावर उभी केली होती.