बेचाळीस मिनिटांची उपासना

प्रिय आक्कास,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम. तुझे गुडघे आता कसे आहेत, आणि दाजींचा खोकला? मी ठीक आहे, म्हणजे मुलांची उपासना पार पडल्यापासून ठीक आहे.

ती माझ्या गळ्यात पडली ती माझ्याच तोंडामुळे. मंडळीच्या बैठकीत मी बोलून गेलो की मुलांना आवरायला काय लागतं, आखणी नीट हवी. (दुकानात दिवसभर घड्याळं माझं निमूट ऐकून घेतात, त्याची ही सवय.) पाळकांनी लगेच माझं नाव लिहून घेतलं.

मी बेचाळीस मिनिटांची उपासना आखली. गायन, शास्त्रवाचन, मग प्रार्थना. त्यात जागतिक शांततेला दोन मिनिटं, आजाऱ्यांना दीड. चर्चमागच्या खोलीत नऊ मुलांना कागद दाखवला, तर बेकरीवाल्याची मुलगी म्हणाली, माझा पडलेला दात यात कुठे आहे? दोघा जुळ्यांना शेजारच्या कुत्र्याच्या ऑपरेशनसाठी प्रार्थना हवी होती. कोपऱ्यातली एक मुलगी हळूच म्हणाली, आईबाबांनी पुन्हा एका टेबलावर जेवावं. मी तिला ‘कुटुंबे, एक मिनिट’ या सदरात टाकलं. (हे लिहितानाही मान खाली जाते.)

रविवारी कुत्र्याच्या प्रार्थनेलाच चार मिनिटं लागली, कारण त्याच्या नावावर जुळ्यांचं एकमत होईना. मी मागे उभा राहून मनगटावर बोट आपटत होतो. मग कळलं की माझंच घड्याळ बंद पडलंय. कोपऱ्यातल्या त्या मुलीला एक मिनिट मुळीच पुरलं नाही, आणि कुणी तिला घाईही केली नाही.

तेवढ्यात बेकरीवाल्याच्या मुलीने माइकवरून जाहीर केलं, आता घड्याळवाले आजोबा. माझ्या खिशात जागतिक शांततेची दोन पानं होती. ती उघडली, समोर नऊ चेहरे पाहिले, आणि तोंडातून भलतंच निघालं: “माझी बहीण दोन वर्षं माझ्याशी बोलत नाही.”

“का?” तिने माइकवरूनच विचारलं.

दोन वर्षांपूर्वी इथेच, भर सभेत, मी तिला बेसूर म्हणालो होतो, हे सांगितलं.

“होती का ती बेसूर?”

आक्का, सगळी मंडळी ऐकत होती. “नाही,” मी म्हणालो. “पेटी मी चुकीची वाजवली होती.”

पोरीने डोळे मिटले. “प्रभू, यांना पत्र लिहायला लाव.” यावर जी आमेन झाली, तेवढी मोठी आमेन आमच्या पाळकांच्याही वाट्याला कधी आलेली नाही.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. हे पाचवं पत्र. आधीची चार फार सभ्य झाली होती. त्यांत चूक दोघांची होती.

आणखी एक. दोन ओळी तरी लिही. शिव्या घातल्यास तरी चालेल, फक्त जोडाक्षरं कमी ठेव. उत्तर मोठ्याने वाचायचा मान बेकरीवाल्याच्या मुलीने स्वतःकडे घेतलाय, आणि तिला ती अजून जमत नाहीत.