सापरमतने लावायची भिंत

अल्लाचं नाव घेऊन मी मातनियाज़, साबिर कुंभाराचा थोरला मुलगा, निळ्या फरश्यांचा कारागीर, राहणार खीवा, हा कागद काझींच्या कारकुनाकडून लिहून घेत आहे. छातीत भट्टीची राख साचली आहे, पण डोकं ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचंही दडपण नाही.

१. बायको वारली. वारस दोन: मुलगी बिकाजान आणि धाकटा भाऊ सापरमत. शरीयतीप्रमाणे अर्धं तिचं, उरलेलं त्याचं. तिथे माझा इलाज नाही. मात्र कालव्याच्या शेवटाचा खारा तुकडा, जिथे खरबूजसुद्धा धरत नाही, तो त्याच्या वाट्याला टाकावा. चावरं गाढवही त्यालाच द्यावं. दोघांचं जमेल.

२. भट्टी, कुंचले आणि रंगांची मडकी मी हयातीतच बिकाजानला बक्षीस दिली आहेत. त्यांवर कोणी हक्क सांगू नये.

३. आता मूळ दुखणं. वीस वर्षांपूर्वी मोठ्या मदरशाची कमान मी रंगवली. शेवटच्या आठवड्यात मी बायकोच्या उशाशी बसून होतो, आणि सापरमतने कमानीच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव घातलं. खानांनी मानाचा चोगा त्याच्या अंगावर चढवला. मी जाब विचारला, तर म्हणाला, "दादा, वहिनी जाऊन आठ दिवस झाले नाहीत, आणि तुला नावाचं पडलंय?" हे मी विसरलेलो नाही.

४. खानांच्या नव्या महालाची भिंत नवरोजपर्यंत उभी करण्याचा शब्द त्याने दरबारात दिला आहे. फरश्या माझ्या भट्टीतल्या. आमच्याकडे प्रत्येक फरशीवर आकडा घालतात आणि लावणारा आकड्याबरहुकूम एकेक फरशी खिळ्याने भिंतीवर ठोकत जातो. सापरमतला तेवढंच येतं. नक्षी वाचायला तो कधी शिकलाच नाही. माझे हात दहा वर्षं थरथरतात, ही भिंत बिकाजानने रंगवली आहे. मधल्या पट्ट्यात वेलींच्या आत तिने अक्षरं घातली आहेत, एका फरशीवर एकच वळण. शेवटची ओळ लागली की हातभर अक्षरांत दिसेल: "हे काम मातनियाज़ची लेक बिकाजान हिचं. मदरशाची कमान तिच्या बापाची." मोडून पुन्हा लावायला आकड्यांशिवाय त्याला जमणार नाही, आणि नवरोज कोणासाठी थांबत नाही.

इथे कारकुनाने लेखणी थांबवून विचारलं, पोरीवर खानांचा राग ओढवला तर? पडद्याआडून बिकाजानच बोलली, "ओढवू दे. निदान माझ्या नावाने तरी ओढवेल. लिहा तुम्ही."

५. हा कागद नवरोजच्या सकाळी, भिंतीवरचं कापड उतरल्यावर उघडावा. वाटणी तोवर थांबवावी.

६. इमाम म्हणतात, भावाला माफ केल्याशिवाय मरू नये. ठीक आहे, मी माफ केलं. सापरमतने भिंत वाचून संपवली की त्याला तसं सांगावं.

माझी निशाणी: मातनियाज़ (अंगठा)
साक्षीदार: इमाम यादगार, क़ुर्बानबाय सुतार, शेजारी
खीवा, १४ रजब, हिजरी १२८१